गॅस गीझरचा व्हॉल्व्ह: पाणी, ज्योत आणि हवा

दोन-तीन पिढ्यांपूर्वी नरक चतुर्दशीच्या पहाटेचे पाणी बंबात तापत असे. यंत्र म्हणून तांब्याचा बंब मला फार शहाणा वाटतो. मधोमध उभी नळी, तिच्यात कोळसे आणि ढलप्या, भोवती पाणी, खाली राखेची जाळी आणि वर धुराला वाट. बिघडण्यासारखी वस्तू एकच, ती म्हणजे तोटी. शिवाय त्याला धूर होता. तो डोळ्यांना झोंबला की माणूस आपोआप बंब अंगणात नाहीतर मागच्या पडवीत नेत असे. आज त्याच पाण्यासाठी न्हाणीघराच्या भिंतीवर पत्र्याचा एक डबा लटकतो. दोन मोठे सेल आणि एक नारिंगी नळी एवढ्यावर तो चालतो, आणि त्याला डोळ्यांना झोंबणारे असे काही नसते.

या डब्याच्या आत एक भाग असतो, ज्यावर सगळा कारभार चालतो. दुकानात ‘वॉटर-गॅस असेंब्ली’ म्हणून मागितला की मिळतो. गीझर पेटेनासा झाला, गळू लागला किंवा पाणी बंद केल्यावरही ज्योत रेंगाळू लागली, की मेकॅनिक बहुतेक वेळा हाच भाग बदलायला सांगतो. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे. जुन्या-नव्या घरगुती यंत्रांचा अभ्यास मी भंगाराच्या दुकानातून आणलेले नमुने उघडून आणि मिळतील ती पुस्तके वाचून करत आलो. अशा असेंब्ली मी बऱ्याच उघडल्या आहेत, आणि माझे मत असे झाले आहे की घरातल्या इतर कुठल्याही सुट्या भागात इतका विचार कोंबलेला नसतो. तो विचार समजला, तर हा भाग बदलताना काय होऊ द्यायचे आणि काय नाही, हे कोणालाही ठरवता येईल.

आधी थोडा इतिहास. लंडनमध्ये १८६८ साली बेंजामिन वॅडी मॉन या रंगकाम करणाऱ्या माणसाने गॅसवर लगोलग पाणी तापवणारे यंत्र बनवले. आइसलंडमधल्या उसळत्या गरम झऱ्याचे ‘गीझर’ हे नाव त्याने यंत्राला दिले, आणि तेच आपल्या न्हाणीघरापर्यंत आले. मॉनच्या यंत्राला जळालेले वायू बाहेर नेणारी नळी नव्हती. पुढे १८८९ मध्ये एडविन रूड याने अमेरिकेत पिट्सबर्ग येथे टाकीचा स्वयंचलित गॅस हीटर केला. जर्मनीत देसाऊ येथे ह्यूगो युंकर्स यांनी न्हाणीघराचे गॅस हीटर बनवणारा कारखाना काढला. पुढे धातूची विमाने बांधणारे युंकर्स ते हेच. हीटरच्या पैशावर विमाने उडाली, असे थोडे अतिशयोक्तीने म्हणता येईल. या सगळ्यांपुढे प्रश्न मात्र एकच होता. नळ सोडला की ज्योत पेटली पाहिजे आणि नळ बंद केला की विझली पाहिजे, तीही माणसाने दुसरी कुठली चावी न फिरवता.

आपल्या भिंतीवरच्या डब्यात याचे उत्तर एका रबरी चकतीत आहे. तिला डायफ्राम म्हणतात. ती एका पितळी किंवा प्लॅस्टिकच्या डबीचे दोन कप्पे करते. नळातून येणारे पाणी खालच्या कप्प्यातून पुढे जाताना एका अरुंद मानेतून जाते. अरुंद जागी प्रवाहाचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. इटलीच्या जोव्हानी बॅत्तिस्ता व्हेंतुरी याने हे १७९७ मध्ये मांडले होते. त्या मानेतून एक बारीक भोक वरच्या कप्प्यात जाते. पाणी वाहू लागले की वरच्या कप्प्यातला दाब कमी होतो, डायफ्राम वर उचलला जातो आणि त्याच्यावरची दांडी पुढे सरकते. ही दांडी गॅसची झडप उघडते आणि जवळचा मायक्रोस्विच सोडते. नळ बंद केला की दोन्ही कप्प्यांतला दाब सारखा होतो आणि स्प्रिंग दांडीला मागे ढकलते.

इथे लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी, की झडप पाण्याच्या दाबाने उघडत नाही, वाहण्याने उघडते. नळीत कितीही दाबाने पाणी उभे असले तरी ते वाहत नसेल तर गॅसला वाट नाही. हे जाणूनबुजून केलेले आहे. आत पाणी वाहत नसताना खाली ज्योत पेटली, तर तांब्याची नळ्यांची जाळी काही क्षणांत उकळू लागेल.

मायक्रोस्विच सुटला की सेलवर चालणारा छोटा सर्किट बोर्ड जागा होतो. तो ठिणग्या पाडतो आणि एक सोलेनॉइड झडप उघडतो. म्हणजे गॅसच्या वाटेवर एकामागे एक दोन दारे आहेत: पहिले पाण्याच्या ताब्यात, दुसरे विजेच्या. दुसरे दार उघडे राहायचे असेल तर ज्योतीने स्वतः साक्ष द्यावी लागते. बर्नरवर दोन सळया दिसतात. एकीवर ठिणगी पडते, दुसरी ज्योतीत बुडालेली असते. ज्योतीत विद्युतभारित कण असतात, त्यामुळे तिच्यातून अगदी थोडी वीज वाहू शकते. हा प्रवाह मायक्रोॲम्पिअरमध्ये मोजावा लागतो, पण सर्किटला तेवढा पुरतो. ठरलेल्या काही सेकंदांत तो मिळाला नाही, तर सर्किट सोलेनॉइड सोडून देते आणि गॅस बंद होतो. तिसरी साक्ष उष्णतेची. नळ्यांच्या जाळीवर बसवलेली छोटी तबकडी फाजील तापली की संपर्क तोडते.

तीन पहारेकरी आणि तिघांचीही संमती हवी. एकाने ‘नाही’ म्हटले की गॅस बंद. चालू ठेवायला सगळे लागतात, बंद करायला कोणीही एक पुरतो. सुरक्षिततेची यंत्रणा अशीच असावी लागते.

आता बिघाडाकडे. आपल्याकडे बोअरचे पाणी जड. क्षार व्हेंतुरीच्या मानेत आणि त्या बारीक भोकात साठतात, मग वरच्या कप्प्यातला दाब हवा तेव्हा उतरत नाही आणि गीझर पेटत नाही. डायफ्रामचे रबर कडक होते, कधी सुईएवढे छिद्र पडते. दांडीभोवतीचे ओ-रिंग वाळले की त्या जागेतून पाणी ठिबकते. दांडी क्षारांनी अडकून मागे आलीच नाही, तर नळ बंद केल्यावरही गॅसचे पहिले दार उघडे राहते. मग सगळी भिस्त दुसऱ्यावर. यातला पहिला बिघाड त्रासदायक आहे आणि शेवटचा धोकादायक, पण तक्रार मात्र पहिल्याचीच जास्त होते, कारण त्यात अंघोळ अडते.

याच तक्रारीतून सगळ्यात वाईट दुरुस्त्या जन्माला येतात. गच्चीवरची टाकी जवळ असल्याने वरच्या मजल्यावर पाण्याला जोर नसतो. लहान गीझरला साधारण दोन ते तीन मीटर उंचीच्या पाण्याचा दाब लागतो, तेवढा तिथे मिळत नाही. मग कोणीतरी स्प्रिंगचे दोन वेढे कापतो. कोणी मायक्रोस्विचमध्ये जाड कागदाची घडी अडकवतो. उष्णतेची तबकडी सारखी तुटते म्हणून तिच्या दोन्ही तारा पिळून एकत्र जोडलेल्याही मी भंगारातल्या गीझरांत पाहिल्या आहेत. गीझर लगेच पेटतो, घरमालक खूश होतो आणि मेकॅनिकला चहा मिळतो. एक पहारेकरी मात्र कायमचा झोपवलेला असतो.

अशा दुरुस्तीचा शेवट कुठे होतो, याची जगातली सगळ्यात सविस्तर नोंद जपानमध्ये झाली आहे. पालोमा या प्रसिद्ध कंपनीचे काही गीझर जळालेले वायू पंख्याने बाहेर टाकत. पंखा फिरत नसेल तर ज्योत पेटूच नये, अशी त्यांत व्यवस्था होती. काही काळाने नियंत्रण पेटीतल्या डाखाला तडे जाऊ लागले आणि गीझर पेटेनासे झाले. दुरुस्ती करणाऱ्यांनी सुरक्षा सर्किटला वळसा देऊन तार जोडली. गीझर पेटू लागले, पंखा बंद असतानाही. १९८५ ते २००५ या वीस वर्षांत या गीझरांच्या विषारी वायूने २१ माणसे मेली. मृत्यू वेगवेगळ्या गावांत आणि अनेक वर्षांत विखुरलेले, त्यामुळे धागा जुळायला २००६ साल उजाडावे लागले. २०१० मध्ये टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने कंपनीच्या माजी अध्यक्षांना निष्काळजीपणासाठी दोषी ठरवले. दरम्यान तिथला कायदा बदलला आणि गंभीर अपघात सरकारला कळवणे उत्पादकांवर बंधनकारक झाले. मला या प्रकरणातली एक गोष्ट विसरता येत नाही: तार जोडणारे कोणी दुष्ट नव्हते. थंडीत गरम पाण्यावाचून बसलेल्या गिऱ्हाइकाची अडचण ते दूर करत होते.

तेव्हा असेंब्ली बदलायची ती जशीच्या तशी, वळसा न देता. हे काम गॅसची माहिती असलेल्या, कंपनीने नेमलेल्या मेकॅनिकनेच करावे. पण आपण शेजारी उभे राहून पाहावे, आणि काय पाहायचे ते माहीत असावे.

पहिला प्रश्न नव्या भागाचा. सिलिंडरच्या गॅससाठी आणि नळाने येणाऱ्या गॅससाठी भाग वेगळे असतात. घरगुती सिलिंडरच्या रेग्युलेटरमधून गॅस साधारण ३० मिलिबार दाबाने येतो, नळाचा साधारण २१ ने. शिवाय एका घनमीटर सिलिंडरच्या गॅसमध्ये नळाच्या गॅसच्या अडीच ते तीनपट उष्णता असते, म्हणून त्याच्या बर्नरची जेट बारीक भोकाची असतात. मुंबई-पुण्यात ज्या सोसायट्यांत आता नळाचा गॅस आला आहे, तिथे ही गल्लत सहज होऊ शकते. नळाच्या गॅससाठी बनवलेल्या मोठ्या भोकांच्या जेटवर सिलिंडर जोडला तर ज्योत पिवळी आणि लांब होते, वर काजळी धरते. गीझरच्या पाटीवर गॅसचा प्रकार लिहिलेला असतो. तो वाचून, जुना भाग हातात घेऊन, त्याच मॉडेलचा नवा आणावा. ‘बसतोय ना’ हा निकष इथे चालत नाही.

काम सुरू करताना रेग्युलेटर बंद करून सिलिंडरवरून काढावा, गीझरचे सेल काढावेत, पाण्याचा कॉक बंद करून गीझरमधले पाणी उतरवून टाकावे आणि खिडकी उघडी ठेवावी. हा गॅस हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो. तो वर उडून जात नाही, न्हाणीघराच्या फरशीवर आणि मोरीत साचतो, म्हणून वास घ्यायचा तर खाली वाकून. गॅसला स्वतःचा वास नसतो. आपल्याला येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा. १९३७ मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन या गावी शाळेच्या तळघरात बिनवासाचा गॅस साठून स्फोट झाला आणि सुमारे तीनशे जण, बहुतेक मुले, मृत्युमुखी पडली. त्यानंतर गॅसला वास देण्याचे कायदे आले. वास आला तर दिव्याचे बटण चालूही करू नये आणि बंदही करू नये. बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर फोन करावा.

नट सोडताना दोन पाने लागतात: एकाने नट फिरवायचा, दुसऱ्याने मागचा भाग धरायचा. एकाच पान्याने जोर लावला की आतली नळी पिळवटते आणि गळती नव्याच जागी सुरू होते. असेंब्ली बर्नरला जिथे जोडते तिथे आणि पाण्याच्या सांध्यांवर ओ-रिंग किंवा वायसर असतात. ते जुने परत वापरू नयेत, चांगले दिसले तरी. आपल्याकडच्या मेकॅनिकांना टेफ्लॉन टेपचे फार प्रेम. जिथे चपटा वायसर किंवा ओ-रिंग गळती रोखतो तिथे टेप गुंडाळल्याने सांधा नीट बसत नाही. पाण्याच्या नळाची सुतळी आणि सफेदा तर गॅसच्या आट्यांवर लावूच नये, तिथे गॅससाठीचाच लेप लागतो. याच वेळी नारिंगी सुरक्षा नळीवरचे वर्ष वाचावे. पाच वर्षे उलटली असतील तर तीही बदलावी.

गळती पाहायची साबणाच्या पाण्याने, ब्रशने फेस लावून. काडी ओढून गळती शोधणारा मेकॅनिक दारातूनच परत पाठवावा. फेसाची परीक्षा एकदा करून भागत नाही, हे मात्र अनेकांना माहीत नसते. गीझर बंद असताना रेग्युलेटर उघडला, तर गॅस फक्त पहिल्या बंद दारापर्यंत येतो. म्हणजे नळीपासून असेंब्लीपर्यंतचेच सांधे तपासले जातात. असेंब्ली आणि बर्नर यांमधला सांधा, जो आत्ताच उघडून बसवला आहे, त्याच्यात गॅस येतो तो ज्योत पेटल्यावरच. म्हणून ज्योत चालू असताना त्या सांध्याला दुसऱ्यांदा फेस लावावा लागतो.

मग पहारेकऱ्यांची परीक्षा. गीझर चालू असताना नळ बंद करावा, ज्योत तत्काळ गेली पाहिजे. पुन्हा चालू करून मेकॅनिकला ज्योत ओळखणाऱ्या सळईची तार उपटायला सांगावी, काही सेकंदांत गॅस बंद झाला पाहिजे. सेल काढून पाहावेत, तेव्हाही तसेच. नळ अगदी बारीक सोडून पाहावा. धार फारच कमी असेल तर ज्योत पेटता कामा नये. ती पेटली, तर कोणीतरी स्प्रिंगशी खेळले आहे. शेवटी ज्योतीचा रंग, निळा आणि आखूड. या सगळ्याला दहा मिनिटे लागतात, आणि मेकॅनिकला ती नको असतात.

इतके सगळे नीट झाले म्हणजे गीझर सुरक्षित झाला, असे म्हणायला मी धजत नाही. कारण असेंब्लीतले तीन पहारेकरी पाणी, ज्योत आणि उष्णता पाहतात. हवा कोण पाहतो?

थोडा हिशेब करू. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला मिनिटाला १५० किलोकॅलरी लागतात. पंधरा मिनिटांचे २,२५० होतात. काही उष्णता वाया जाते, ती धरून २,८०० समजू. एक किलो गॅस सुमारे १०,९०० किलोकॅलरी देतो, म्हणजे पाव किलोच्या आसपास गॅस जळला. एक किलो गॅस पूर्ण जळायला १५-१६ किलो हवा लागते, पाव किलोला चार किलो, म्हणजे तीन घनमीटरहून थोडी जास्त. आता पाच बाय चार फुटांचे, आठ फूट उंचीचे न्हाणीघर घ्या. १६० घनफूट, म्हणजे साडेचार घनमीटर. एका अंघोळीत गीझर त्यातली दोन तृतीयांशाहून अधिक हवा मागतो. दार लावलेले, थंडी म्हणून खिडकीची काचही लावलेली. हवा येणार कुठून?

हवा अपुरी पडली म्हणून ज्योत विझत नाही. प्राणवायूचे प्रमाण २१ टक्क्यांवरून १८ च्या खाली जाऊ लागले तरी ती जळत राहते, पण अपुरी, आणि कार्बन मोनॉक्साइड झपाट्याने वाढतो. त्याला रंग नाही, वास नाही. मर्कॅप्टन तर ज्योतीत जळून गेलेले असते. रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटीने चिकटतो. ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १८९० च्या दशकात हा वायू स्वतः हुंगून त्याचे परिणाम नोंदवले. खाणीत इशाऱ्यासाठी छोटे प्राणी-पक्षी न्यावेत ही सूचनाही त्यांचीच, आणि ब्रिटिश खाणींत कॅनरी पक्षी १९८६ पर्यंत राहिले. या विषबाधेत डोके जड होते, चक्कर येते, पाय लटके पडतात. दम लागला असे वाटेलच असे नाही, आणि धोका कळेपर्यंत कडीपर्यंत जायची शक्ती उरत नाही. दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात येणारी ‘बाथरूममध्ये मृतावस्थेत’ ही बातमी वाचताना आतून लावलेली कडी हा तपशील मी नेहमी शोधतो. तो बहुतेक वेळा असतो.

चौथा पहारेकरी बनवता येत नाही असे नाही. काही हीटरांत एक लहान ज्योत अशी बसवतात, की प्राणवायू १८ टक्क्यांच्या आसपास उतरला की ती आपल्या जागेवरून उचलली जाते, तिच्यात ठेवलेला तापमानदर्शक थंड पडतो आणि गॅस बंद होतो. काही गीझर वीस मिनिटांनी आपोआप बंद होतात. पण वीस मिनिटांत काय होते, ते आपण वर पाहिले, आणि नळ बंद करून पुन्हा सोडला की घड्याळ नव्याने सुरू होते. सिलिंडरवरच्या अशा लहान हीटरांसाठी आयएस १५५५८ हे भारतीय मानक २००५ पासून आहे. गीझर घेताना त्याची खूण पाहावी. मात्र मानकाची खूण न्हाणीघराला खिडकी पाडून देत नाही.

पहाटेच्या अभ्यंगस्नानाला हा हिशेब आणखी कठीण होतो. घरात पाच माणसे, एकामागून एक अंघोळी. पहिल्याने वापरलेली हवा तिथेच, दार क्षणभर उघडते आणि पुन्हा लागते. धोका पहिल्यापेक्षा तिसऱ्या-चौथ्याला जास्त, आणि त्यात बहुधा घरातली बाई शेवटी असते. एक्झॉस्ट पंख्याचा उपाय लोक सांगतात. पंखा हवा बाहेर टाकतो हे खरे, पण दाराखाली फट नसेल तर आत यायला हवाच नसते. आणि गीझरला धुराची नळी असेल, तर असा पंखा बाहेर चाललेले वायू त्या नळीतून उलटे आत ओढू शकतो.

माझ्या मते गॅस गीझरची जागा न्हाणीघराबाहेर आहे: उघड्या बाल्कनीत, कपडे धुण्याच्या मोकळ्या जागेत, भिंतीपलीकडे. गरम पाण्याची नळी तेवढी आत आणायची. असेंब्ली बदलायला मेकॅनिक आलाच आहे, गॅस बंद आहे, नळ्या सुटलेल्या आहेत, तर गीझर हलवण्याची याहून सोयीची वेळ नाही. वाढीव नळीचा आणि मजुरीचा खर्च आधी विचारून घ्यावा. भाड्याच्या घरात भिंत फोडता येत नसेल, तर दार-खिडकी उघडी ठेवून बादल्या भरून घ्याव्यात, गीझर बंद करावा, आतली हवा पाचेक मिनिटे बदलू द्यावी आणि मग अंघोळीला जावे. मुलांना कडी लावू देऊ नये.